ओढ्याची प्रकृती आणि आजी-आजोबांची साक्ष

वाचकहो, चांगला वैद्य रुग्णाची नाडी पाहण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न विचारतो : हे केव्हापासून सुरू झाले, आणि त्याआधी प्रकृती कशी होती? रक्तदाब, रक्ताची तपासणी, छायाचित्रे हे सारे त्यानंतर येते. आजचा आकडा कितीही अचूक असला, तरी कालचे माहीत नसेल तर त्याचा अर्थ अर्धाच कळतो.

गावाशेजारून वाहणाऱ्या ओढ्याची प्रकृती तपासतानाही हाच क्रम उपयोगी पडतो. देशावर ज्याला ओढा म्हणतात, कोकणात पऱ्ह्या किंवा वहाळ म्हणतात आणि शहरात आता ज्याला सरसकट ‘नाला’ म्हटले जाते, त्या लहानशा प्रवाहाच्या आरोग्याशी आपल्या घराचे आरोग्य जोडलेले असते. जगात अनेक ठिकाणी शाळकरी मुले हे तपासणीचे काम शिस्तीने करीत आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात असा एक उपक्रम 1987 पासून चालू आहे. तो कसा चालतो आणि त्यातील कोणते काम केवळ आपल्यासारखे ज्येष्ठच करू शकतात, हे या लेखात पाहू.

एका नदीचे आजारपण

मिशिगनमधील डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. त्याच्या परिसरातून रूज नावाची नदी वाहते. अनेक उपनगरांतून येणारे लहानमोठे ओढे तिला मिळतात, ती डिअरबॉर्न येथील फोर्ड कंपनीच्या प्रचंड कारखान्याजवळून पुढे जाते आणि डेट्रॉइट नदीला मिळते. या परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात. मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आपल्यापैकी काहींनी घरामागून वाहणारा असा एखादा ओढा सकाळच्या फेरफटक्यात पाहिलाही असेल.

आज शांत दिसणाऱ्या या पाण्याचा पूर्वेतिहास मात्र गंभीर आहे. 1969 च्या ऑक्टोबरमध्ये रूज नदीवर तरंगणाऱ्या तेलाने पेट घेतला होता. तेथील जुन्या गटारव्यवस्थेत घरांचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून वाहत असे. जोराचा पाऊस झाला की नळ भरून जाई आणि मैलामिश्रित पाणी थेट नदीत उतरे. 1985 मध्ये एक 23 वर्षांचा तरुण या नदीत पडला, त्याच्या पोटात ते पाणी गेले आणि पुढे लेप्टोस्पायरोसिसने त्याचा मृत्यू झाला. पावसाळ्यात मुंबई आणि सिंधुदुर्गातील कुटुंबांना ज्या रोगाची धास्ती असते, तोच हा रोग. त्या मृत्यूने तेथील लोक खडबडून जागे झाले.

त्याच सुमारास, जवळच्या ॲन आर्बर शहरात ह्युरॉन नदीवर जलक्रीडा करणाऱ्या काही शालेय विद्यार्थ्यांना हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ झाली. आपण ज्या पाण्यात खेळतो ते आहे तरी कसे, असा प्रश्न त्यांच्या वर्गमित्रांना पडला. मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी शिक्षकांच्या साथीने या मुलांना पाणी तपासायला शिकविले. पर्यावरण शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत स्टॅप यांची गणना होते. हाच प्रयोग 1987 मध्ये रूज नदीवर मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. प्रथम वरच्या वर्गांतील मुले त्यात उतरली. पुढे सहावी ते आठवीचे, म्हणजे तेथे ज्यांना ‘मिडल स्कूल’ म्हणतात ते वर्ग आणि त्याहून लहान मुलेही सामील झाली. दर वसंत ऋतूत शिक्षकांसह मुले आपल्या शाळेजवळच्या ओढ्यावर जातात, ठरलेल्या पद्धतीने पाणी तपासतात आणि सर्व शाळांचे निकाल एकत्र मांडले जातात. एका शाळेला केवळ आपल्यापुरता ओढा दिसतो; सर्वांची नोंद एकत्र आली की संपूर्ण नदीचे चित्र उभे राहते.

नऊ तपासण्यांचा अहवाल

आपण दरवर्षी रक्ताची तपासणी करून घेता, तेव्हा साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन असे वेगवेगळे आकडे एका कागदावर येतात. ओढ्याच्या अहवालातही असेच नऊ आकडे असतात. ही पद्धत अमेरिकेत 1970 च्या सुमारास तयार झाली. प्रत्येक तपासणीला तिच्या महत्त्वानुसार वजन देऊन शेवटी शंभरपैकी गुण काढले जातात. नव्वदच्या वर उत्तम, सत्तर ते नव्वद चांगले, पन्नास ते सत्तर मध्यम, पंचवीस ते पन्नास वाईट आणि त्याखाली अतिशय वाईट, अशी तिची प्रतवारी आहे.

या नवांमध्ये सर्वाधिक वजन आहे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला. मासे आणि पाण्यातील किडे याच प्राणवायूवर जगतात. 20 अंश सेल्सियस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी 30 अंशांपर्यंत तापले की तो साडेसातच्या आसपास येतो. प्रमाण 5 च्या खाली गेले की बहुतेक माशांना धाप लागल्यासारखी अवस्था होते. यावरून काठावरच्या झाडांचे मोल कळावे. सावली गेली की पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात श्वासापुरती हवा उरत नाही. म्हणूनच पाण्याचे तापमान हीसुद्धा एक स्वतंत्र तपासणी आहे.

दुसरा महत्त्वाचा आकडा विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंचा. हे जिवाणू सापडले, तर कावीळ, हगवण, विषमज्वर पसरविणारे अन्य जंतूही तेथे असण्याचा संभव असतो. मिशिगन राज्याच्या नियमानुसार 100 मिलिलिटर पाण्यात एका दिवशी ‘ई. कोलाय’ या जिवाणूची संख्या 300 च्या वर गेली, तर त्या पाण्यात पोहणे योग्य नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तर तो मुळीच असता कामा नये.

तिसरी तपासणी मुलांना फार आवडते, कारण तिला धीर लागतो. ओढ्याचे पाणी बाटलीत घट्ट बंद करून पाच दिवस अंधारात, 20 अंश तापमानात ठेवायचे आणि मग त्यात किती प्राणवायू उरला ते पाहायचे. पाण्यात घाण जास्त असेल, तर ती कुजविणारे जिवाणू बहुतेक प्राणवायू खाऊन टाकतात. जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील साखर पाहतात, तशीच ही वेळेवर बेतलेली परीक्षा.

उरलेल्या तपासण्या आम्लता, गढूळपणा, फॉस्फेट, नायट्रेट आणि पाण्यातील एकूण घनपदार्थ यांच्या आहेत. खते, साबणाची भुकटी आणि सांडपाणी यांतून फॉस्फेट व नायट्रेट येतात. त्यांच्यामुळे शेवाळ आणि जलपर्णी माजते. ती कुजली की पुन्हा प्राणवायू घटतो. नायट्रेटचा प्रश्न तर थेट घरातील तान्ह्या बाळाशी संबंधित आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ते फार वाढले, तर वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने ते उलट दाटते. शेताजवळच्या विहिरीचे पाणी बाळाच्या दुधासाठी वापरणाऱ्या आजीने ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी.

दगडाखालचे रहिवासी

रसायनांची तपासणी त्या क्षणापुरती खरी असते. काल रात्री कोणी घाण सोडली आणि आज सकाळी ती वाहून गेली, तर आकडे निर्दोष दिसू शकतात. म्हणून मुले ओढ्यातील दगड उलटून पाहतात. दगडाखाली राहणारे किडे महिनोन्‌महिने तेथेच असतात आणि पाण्यात जे जे आले ते सारे त्यांनी सोसलेले असते.

स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या माश्यांची पिल्ले पाण्यात वाढतात. त्यांना भरपूर प्राणवायू लागतो; पाणी बिघडले की ती प्रथम नाहीशी होतात. चतुराची पिल्ले आणि खेकड्यांसारखे जीव थोडाफार बिघाड सहन करतात. जळवा, गाळातले बारीक लाल किडे आणि काही प्रकारच्या अळ्या घाणेरड्या पाण्यातही तग धरतात. पांढऱ्या ताटलीत कोणते जीव किती निघाले हे मोजले, की बारा वर्षांचे मूलही ओढ्याच्या प्रकृतीविषयी बरेच नेमके बोलू शकते. रूज नदीच्या परिसरात तर ऐन जानेवारीच्या थंडीत स्वयंसेवक खास स्टोनफ्लायची पिल्ले शोधण्यासाठी बाहेर पडतात. ती सापडली, की त्या ओढ्यात अजून चांगले पाणी आहे असे समजतात.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे आपण विचाराल. शाळांच्या तपासणीने नदी शुद्ध होत नाही, हे खरे. रूज नदीसाठी शासनाला मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या. पावसाचा जोर असताना सांडपाणी त्यांत अडविले जाते. त्यानंतर नदीतील प्राणवायूचे प्रमाण सुधारले. मात्र जेथे मुले दरवर्षी पाणी मोजतात, तेथे ओढ्याचे दुखणे लपून राहत नाही. मूल घरी येऊन जेवताना आकडे सांगते, आई-वडील ऐकतात आणि पुढे ते नगरपालिकेला प्रश्न विचारू लागतात.

उपकरणांना न कळणारी गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मुलांजवळ तापमापक आहे, रसायनांच्या कुप्या आहेत, तक्ते आहेत. त्यांच्याजवळ नाही तो भूतकाळ. बारा वर्षांच्या मुलाने जन्मापासून ओढा काळा आणि वासाचाच पाहिला असेल, तर त्याला तो तसाच असतो असे वाटते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये याच गोष्टीकडे लक्ष वेधले. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेली स्थितीच मूळ स्थिती मानते, तेथून पुढचे नुकसान मोजते आणि त्याआधी काय गमावले ते विसरून जाते. अशा रीतीने ऱ्हास पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडत जातो.

ही विस्मृती रोखण्याचे औषध आपल्याजवळ आहे. आपण ज्या ओढ्यात पोहायला शिकलात, जेथे धुणी धुतली जात, जेथून भाद्रपदात गौरीचे खडे आणले जात, तो ओढा आज आपल्या नातवाच्या वहीत केवळ एक क्रमांक असेल. त्या पाण्यात मासे होते, बैल सोडले जात, एप्रिलपर्यंत धार वाहत असे, काठावर उंबर आणि करंज होते, हे सांगणारा दुसरा पुरावा अनेकदा कोठेच नसतो. सरकारी दप्तरात मोठ्या नद्यांच्या नोंदी असतात. लहान ओढ्यांची वही ठेवली आहे ती फक्त म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणाने.

आणि या आठवणींवर कधी कधी जीवही अवलंबून असतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठी नदीने शहराला आपले अस्तित्व जाणवून दिले. तोपर्यंत ती नदी आहे हेही अनेक मुंबईकरांच्या ध्यानात नव्हते. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांत माणसे दगावली. ओढ्याचे जुने पात्र किती रुंद होते, पाणी पूर्वी कोणत्या पायरीपर्यंत येत असे, हे जेथे वडीलधारी माणसे सांगू शकतात आणि तरुण माणसे ऐकून घेतात, तेथे धोका निदान आगाऊ ओळखता येतो.

घरी बसूनही करता येण्याजोगे काम

यासाठी आपल्याला पाण्यात उतरायचे नाही. नातू-नात, शेजारची मुले किंवा जवळच्या शाळेतील एखादा वर्ग यांना पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. त्यांना ती टिपून घेऊ द्यावीत.

1. आपल्या लहानपणी ओढ्याला वर्षातील किती महिने पाणी असे? ते पिण्यास वापरत का?
2. त्यात कोणते मासे, खेकडे, बेडूक दिसत? काठावर कोणते पक्षी येत?
3. काठावर कोणती झाडे होती? ती केव्हा गेली?
4. आठवणीतला सर्वांत मोठा पूर कोणता? पाणी कोठपर्यंत आले होते?
5. पाण्याला रंग किंवा वास केव्हापासून येऊ लागला? त्याच सुमारास जवळपास काय नवे झाले होते?

वर्ष नेमके आठवत नसेल, तर घरातील प्रसंगाशी जोडावे : “थोरल्याची मुंज झाली त्या साली”, “बाहत्तरच्या दुष्काळात”. संशोधकही जुन्या घटनांचा काळ ठरविताना असाच आधार घेतात. दोन-तीन ज्येष्ठांच्या आठवणी जुळल्या, की नोंद अधिक भक्कम होते. जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात.

ज्या घरी वृद्ध व्यक्तीची शुश्रूषा चालू आहे, तेथील मंडळींना दोन शब्द. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करता येते. मुलांनी ओढ्याचे ताजे छायाचित्र आणून दाखवावे आणि “येथे पूर्वी काय होते?” असे विचारावे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सकाळी काय खाल्ले ते आठवत नसले, तरी बालपणीच्या गोष्टी पुष्कळदा दीर्घकाळ टिकून राहतात. अशा वेळी परीक्षा घेतल्याप्रमाणे प्रश्न विचारू नयेत, चूक दुरुस्त करू नये. जे येईल ते ऐकून घ्यावे. थकवा किंवा अस्वस्थता दिसताच विषय थांबवावा. दिवसभर फक्त औषधे घेणाऱ्या माणसाकडे कोणी काही मागायला येते, यातही एक उपचार आहे.

काठावर जाताना

नातवंडांबरोबर ओढ्यावर जायचेच असेल, तर थोडी सावधगिरी हवी.

पाण्यात उतरू नये. पूल, बाक किंवा सपाट काठ निवडावा. शेवाळलेला दगड तरुणांनाही पाडतो, आणि आपल्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे महिन्यांची परावलंबिता. काठी, चांगली पकड असलेली पादत्राणे आणि सोबत एक सशक्त माणूस असावा. पावसाळ्यात आणि पूर ओसरल्यानंतरचे काही दिवस हा बेत टाळावा.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. पायाच्या बधिरतेमुळे लहान जखम कळत नाही, आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच जखमांतून, तसेच डोळे, नाक, तोंड यांच्या आतील नाजूक त्वचेतून शरीरात शिरतात. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून ते पाण्यात व चिखलात येतात. पाण्याशी संबंध आल्यानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांत, क्वचित महिनाभरातही ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर अंगावर काढू नये. आपण किंवा मूल ओढ्याच्या पाण्यात गेले होते, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. उशीर झाल्यास यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

मुलांनी पाणी तपासताना हातमोजे घालावेत, अंगावरील जखम झाकावी, मोठ्या माणसाशिवाय पाण्याजवळ जाऊ नये आणि परतल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. मुलांच्या तपासणीत पाणी ‘चांगले’ ठरले, तरी ते पिण्यास योग्य ठरत नाही, हेही त्यांना समजावून द्यावे.

वाचकहो, आपल्या गावात असा शालेय उपक्रम नसेल, तर जवळच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांना एकदा भेटावे. पाणी तपासण्याचे साहित्य आणि पद्धत ते पाहतील. ओढा पूर्वी कसा होता, हे सांगायला एक माणूस तयार आहे, एवढेच आपण त्यांना कळवावे. मुलांच्या वहीचे पहिले पान आपल्या आठवणीने भरले, की पुढची पाने भरायला ती समर्थ आहेत.